ताठ पाय म्हणजे मजबूत पाय नव्हेत: जन्मवेळी त्रास झालेल्या लेकरांच्या चालण्या-बोलण्याबाबत या चुका टाळा

मुलगा सात महिन्यांचा होता तेव्हा सासूबाई त्याला काखेत धरून दिवाणावर उभं करायच्या. पाय काठीसारखे सरळ, सगळा भार बोटांच्या टोकांवर. "पाह्य वं, कसा ताठ उभा राह्यते! लवकर चालते हा," असं घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं जायचं. मीही व्हिडिओ काढून उमरेडला माहेरी पाठवले. ते अजून फोनमध्ये आहेत. आता पाहिले की आधी नजर जाते ती पायांच्या कात्रीकडे. एक पाय दुसऱ्यावर चढलेला, टाचा गादीला टेकलेल्याच नाहीत, दोन्ही मुठी आवळलेल्या आणि अंगठे मुठींच्या आत.

जन्मल्यावर तो लगेच रडला नव्हता. नऊ दिवस काचेच्या पेटीत होता. सुट्टी झाली तेव्हा "बाळ दूध पितंय, आता लसीला या" एवढंच आमच्या कानांनी ऐकलं. त्यापुढचं काही सांगितलं असेल तर आनंदात ते डोक्यात शिरलं नाही. सोळाव्या महिन्यात रामदासपेठेतल्या एका न्यूरोलॉजिस्टसमोर बसले, तो दिवाणावरचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि विचारलं, "हा कितव्या महिन्यातला?"

निदान झालं सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा होऊन हालचालींत येणारा कायमचा अडथळा. आता तो सात वर्षांचा आहे. स्प्लिंट (पावलाला आणि घोट्याला आधार देणारा साचा) घालून चालतो, बोलतो थोडा अडखळत, भांडतो मात्र अस्खलित. मधल्या वर्षांत थेरपीच्या बाकांवर बसून काटोल, कामठी, हिंगणा कुठून कुठून आलेल्या आयांशी बोलणं झालं. हेळसांड कुणाच्याच घरी नव्हती. चुका झाल्या त्या बहुतेक कौतुकातून.

चांगली बातमी समजून सोडून दिलेली लक्षणं

ताठ पायांचं सांगितलंच. दुसरं, "आमचा डावखुरा होणार." वर्षाच्या आतलं बाळ दोन्ही हात सारखेच वापरतं. सातव्या-आठव्या महिन्यातच ते प्रत्येक खेळणं डाव्याच हाताने ओढत असेल तर डाव्याचं कौतुक पुरे, उजवा हात का मागे राहतोय ते बघा. तिसरं, "फार शांत बाळ आहे, त्रासच देत नाही." ढिलं अंग, कमी रडणं, कमी हालचाल यांनाही घरात शांतपणाच म्हणतात. चौथं, दुसऱ्या महिन्यातच पालथं पडणं. ते कधी कधी पाठीच्या ताठरपणामुळे घडतं, बाळ धनुष्यासारखं वाकतं आणि आपोआप उलटतं.

पाचवं सगळ्यांत घातक, म्हणून त्यावर जरा थांबते. "दचकते बावा हा." साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात, झोपेतून उठल्या उठल्या, बाळ एकदम मान पुढे टाकतं, दोन्ही हात उचलतं, क्षणभर आखडतं. पाच-दहा सेकंदांनी पुन्हा, मग पुन्हा, अशी रांगच लागते. घरात त्याला दचकणं म्हणतात, गॅस म्हणतात, ओवा चोळतात. हा फिट्सचा एक प्रकार असू शकतो. मोठ्या फिट्ससारखा तो दिसत नाही, म्हणूनच सुटतो. जन्मवेळी मेंदूला इजा झालेल्या बाळांत त्याची शक्यता जास्त असते, आणि उपचाराला होणारा उशीर मेंदूच्या वाढीला महागात पडतो. मोबाईलवर व्हिडिओ घ्या आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पुढच्या लसीच्या तारखेची वाट बघू नका.

"याचा बाप बी उशिराच चालला"

हे वाक्य विदर्भातल्या कुठल्या घरात बोललं जात नाही? काही मुलं खरंच उशिरा चालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या अभ्यासात निरोगी मुलं आधाराशिवाय बसायला साधारण 4 ते 9 महिन्यांच्या आणि एकटी चालायला 8 ते 18 महिन्यांच्या दरम्यान लागली. म्हणजे चौदाव्या महिन्यात चालत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. पण जे बाळ रडलं नव्हतं, ज्याची कावीळ रक्त बदलण्यापर्यंत गेली होती, जे फार कमी वजनाचं होतं, त्याच्यासाठी अठराव्या महिन्याची वाट बघायची नसते. चौथ्या-पाचव्या महिन्यात मान धरली नाही, नवव्यापर्यंत बसलं नाही, मुठी उघडत नाहीत, डॉक्टरांकडे जायला यातलं एकही पुरेसं आहे.

"एक वर्ष होऊ द्या, मग बघू" हा सल्ला आम्हालाही मिळाला होता. सेरेब्रल पाल्सीचं निदान दोन वर्षांआधी करायचं नाही ही जुनी रीत होती. 2017 पासून जगभरचे तज्ज्ञ सांगतात की जोखीम असलेल्या बाळांत सहा महिन्यांच्या आतही बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं, आणि नाव पक्कं ठरलं नसलं तरी थेरपी सुरू करता येते. एमआरआय नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण दहापैकी एका मुलाचा एमआरआय नॉर्मलच असतो.

उलटी चूकही होते. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची तुलना शेजारच्या पूर्ण दिवसांच्या बाळाशी करून आई रडत बसते. अशा बाळाचं वय जन्मतारखेपासून मोजायचं नाही, डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजायचं, दोन वर्षांपर्यंत तरी. दोन महिने आधी जन्मलेलं दहा महिन्यांचं बाळ आठ महिन्यांचंच धरा.

आणि जन्मवेळी खांदा ओढला जाऊन ज्याचा एकच हात लुळा पडला आहे, ते लेकरू वेगळं. तिथे इजा हाताच्या नसांची असते, चालण्या-बोलण्याशी तिचा थेट संबंध नसतो. पण तिसऱ्या महिन्यापर्यंत कोपर वाकवता येत नसेल तर त्या नसांचं काम करणाऱ्या सर्जनकडे जायलाच हवं.

वॉकर, मालिश आणि उभं करणं

बसायची सीट असलेला चाकांचा वॉकर मामाने सीताबर्डीहून आणला होता, हौसेने. कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. अपघात होतात हे एक, आणि चालणं त्याने लवकर येत नाही हे दुसरं. ज्याचे पाय मुळातच ताठ आहेत ते बाळ त्यात बोटांच्या टोकांनी ढकलत फिरतं आणि नेमकी नको ती सवय पक्की करतं. जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो मूल स्वतः उभं राहून ढकलतं. पुढे थेरपिस्ट जो वॉकर देतात, मुलाच्या पाठीमागे राहणारा, तो आणखी वेगळा. शब्द एक, वस्तू तीन. सासूबाई अजूनही विचारतात, "तवा वॉकर नको म्हणे, आता डॉक्टरच देऊन राह्यले?"

मालिश करा, हळू हाताने, बाळाला आवडते म्हणून. जोर लावून सांधे ताणू नका. ताठरपणा मेंदूकडून येतो, तेल कितीही चांगलं असलं तरी ते तिथवर पोचत नाही.

काखेत धरून उभं करण्याऐवजी आम्हाला शिकवलं ते असं: मुलाला खालच्या पाटावर बसवायचं, पावलं पूर्ण जमिनीला टेकलेली, गुडघे वाकलेले, आणि आवडती वस्तू समोर थोडी उंच धरायची. तो पुढे झुकतो, भार टाचांवर येतो, ढुंगण उचलतो, पडतो. पुन्हा. आमच्याकडे ती वस्तू टीव्हीचा रिमोट होती, खेळण्यांना तो भीक घालत नव्हता. दिवसात वीस-पंचवीस वेळा, स्वतःच्या जोराने. आपण त्याचे पाय हलवून देण्यापेक्षा त्याने स्वतः धडपडण्याने जास्त फरक पडतो. थेरपी म्हणजे क्लिनिकमधली पाऊण तासाची फी, असं धरून चाललात तर आठवड्यातले उरलेले सगळे तास वाया जातात.

स्प्लिंटबद्दल नागपूरकरांना वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की पहिली सुट्टी एएफओला, म्हणजे त्या पायाच्या स्प्लिंटला मिळते, आणि जूनपर्यंत पोटऱ्या पुन्हा आखडतात. सुती, शिवण न टोचणारे लांब मोजे घाला, तास सकाळी लवकर आणि संध्याकाळी वाटून घ्या, ते किती हे थेरपिस्टला विचारा. काढल्यावर लाल वळ वीस मिनिटांतही गेला नाही तर स्प्लिंट दुरुस्तीला न्या. टाच आत नीट बसत नसेल तर पाय वाढला आहे.

खुब्यांचा एक्स-रे मात्र कुणी आपणहून सुचवेल याची वाट बघू नका. न चालणाऱ्या मुलांचा खुबा हळूहळू निसटतो, सुरुवातीला दुखतही नाही. दोन वर्षांच्या सुमारास स्वतःच विचारा.

बोलणं: आधी कान

आमची कानाची तपासणी म्हणजे मागून ताट वाजवणे. तो वळला, सगळे खूश. ताटाचा दणका तर जवळजवळ बहिऱ्या मुलालाही जाणवतो. 'स', 'श', 'फ' ऐकू येतात का, ते ताट सांगत नाही. काचेच्या पेटीत पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाला बेरा ही कानाची तपासणी हवी. नुसत्या ओएई या दुसऱ्या तपासणीवर थांबू नका. ओएई आतल्या कानापर्यंतचं सांगते, कानापासून मेंदूकडे जाणारी नस काम करते का ते बेरातून कळतं. जास्त काविळीनंतर गडबड नेमकी त्या नसेत होऊ शकते.

मग वेखंड. उगाळून जिभेवर चाटवलं की जीभ सुटते, हे मीही करून बसले आहे, मधासकट. एक वर्षाच्या आत मध देऊ नये, त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचा धोका असतो. वेखंडातला बीटा-असरोन हा घटकही निर्धोक नाही. आणि बोलणं जिभेवर थोडंच अडलेलं असतं? जिभेखालचा पडदा कापून आणणारेही भेटले. त्याने काही मुलांचे उच्चार सुधारतात, न बोलणारं मूल त्याने बोलायला लागत नाही.

"घरात मराठी, बाहेर हिंदी, म्हणून गोंधळलं लेकरू." नागपुरात हे कारण फार सोयीचं आहे. पण दोन भाषांमुळे बोलणं रखडत नाही, त्या न्यायाने अख्खं नागपूर मुकं असतं. मोबाईलवर गाणी लावून जेवू घालण्याने मात्र बोलणं शिकायचे तास जातात. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको.

माझी स्वतःची सगळ्यांत मोठी चूक वेगळीच होती. त्याची नजर फ्रिजकडे गेली की मी दूध आणायची. मागायची वेळच येऊ दिली नाही. स्पीच थेरपिस्टने मला केळं हातात घेऊन गप्प बसायला सांगितलं. मनात दहापर्यंत मोज, म्हणाली. या मुलांना तोंडाचे स्नायू जुळवायला वेळ लागतो, आपण तिसऱ्या सेकंदालाच उत्तर देऊन टाकतो. आठव्या-नवव्या आकड्याला त्याने डोळे मिचकावले, ओठ मिटले, लाळ आली आणि "म्मे" असं काहीतरी निघालं. ते केळं होतं.

चित्रांची कार्डं दिली तर मूल आळशी होऊन बोलणारच नाही, ही भीतीही सोडा. बोट दाखवून मागता येऊ लागलं की मुलाची चिडचिड कमी होते, आणि त्याने बोलणं थांबत नाही. बाराव्या महिन्यापर्यंत बोट दाखवत नाही, दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांना "पाणी दे" सारखे दोन शब्द जोडत नाही, तर स्पीच थेरपिस्टकडे जा. येत असलेले शब्द गेले, तर लगेच.

भरवण्याचंही इथेच सांगते. आडवं करून बोंडल्याने भरवू नका. पाण्याला वरचेवर ठसका लागत असेल, जेवताना आवाज घोगरा होत असेल, छाती सारखी भरत असेल, तर घास चुकीच्या वाटेने, श्वासनलिकेत जात असू शकतो.

पैसा आणि कागद

स्टेम सेलच्या जाहिरातीला बळी पडू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सेरेब्रल पाल्सीसाठी ते फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतं, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. तुमच्याकडे लाखांचा आकडा मागितला असेल तर त्यातच उत्तर आहे. शेत विकून आलेले लोक मी पाहिले आहेत.

सरकारी वाट नागपुरात आहे: मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स ही सरकारी रुग्णालयं. मेडिकलमधला ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग जुना आहे. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी होते, तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळते. त्या दिवशी "आमचं लेकरू झोपलं आहे" म्हणून टाळू नका.

जन्माच्या वेळचे सगळे कागद मागून घ्या. लेखी मागितल्यावर ते 72 तासांत द्यावेत असा वैद्यकीय परिषदेचा 2002 चा नियम आहे, आणि ते जपून ठेवण्याची सक्ती तीनच वर्षांची, त्यामुळे उशीर करू नका. हे भांडणासाठीच असं नाही. बाळ किती वेळाने रडलं, कावीळ किती चढली, फिट आली होती का, हे पुढचा प्रत्येक डॉक्टर विचारतो. प्रत्येक सेरेब्रल पाल्सी प्रसूतीतल्या चुकीने होत नाही, हेही त्या कागदांतूनच कळतं.

यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो. बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के दिव्यांगत्व लागतं, लहान मुलांना अनेकदा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, तेव्हा संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ते हातात आलं की निरामय योजनेचा अर्ज करा, वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. प्रमाणपत्राच्या दिवशी मूळ कागद, झेरॉक्सचे दोन संच, मुलाचा डबा, पाणी आणि बदलायचे कपडे न्या. नंबर जेवणाच्या सुट्टीनंतरच लागतो.