साठ किलोचा लढाऊ रोबो: आधी ड्रम, मग मोटार

'पहिल्यांदा तगडी मोटार घ्या, बाकीचं होतं मग' हा सल्ला जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांत पोरं एकमेकांना देतात आणि निम्मा पैसा तिथेच संपवतात. क्रम उलटा आहे. आधी हत्यार ठरवायचं (इथे ते म्हणजे ड्रम, दात बसवलेला जोरात फिरणारा लोखंडी दंडगोल), मग त्याचा शाफ्ट म्हणजे आस, मग शाफ्टभोवती चौकट. उरलेल्या वजनात मोटारी, चाकं, बॅटरी.

अमेरिकेत लढाऊ रोबोंचा हेवीवेट गट म्हणजे २५० पौंड, साधारण ११३ किलो. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टसारख्या स्पर्धांत मोठा गट ६० किलोचा असतो, म्हणून हिशेब साठचाच धरतो. ड्रम, शाफ्ट आणि हत्याराची मोटार मिळून २० किलोंच्या आत बसवा. दीड-दोन किलो मोकळे ठेवा, वायरी आणि नट-बोल्ट ते खातातच.

ड्रमचं गणित कागदावर करा. १२ किलोचा पोकळ ड्रम, बाहेरचा व्यास १५० मिमी, आतला ११०, मिनिटाला ६००० फेरे: ऊर्जेचा साठा सुमारे १०,००० जूल. तोटा धरला नाही तर एवढ्या ऊर्जेत साठ किलोचं धूड १७ मीटर वर जाईल. दाताचा वेग ताशी १७० किलोमीटरच्या आसपास. फेरे आणखी वाढवायचा मोह आवरा. दोन दातांचा ड्रम ६००० वर असताना तुम्ही सेकंदाला ३ मीटरने चालून गेलात, तर दात समोरच्यात फार तर १५ मिमी शिरतो. १०,००० फेऱ्यांवर जेमतेम ९ मिमी. मग दात पकडत नाही, नुसता घासतो.

आता खरा अवघड टप्पा. मला सगळ्यात जास्त यानेच छळलं आहे.

जेवढा दणका समोरच्याला बसतो, तेवढाच उलटा तुमच्या शाफ्टला बसतो. त्यामुळे शाफ्ट फिरता ठेवू नका. तो चौकटीत दोन्ही बाजूंनी आवळून स्थिर ठेवा आणि ड्रम बेअरिंगांवर त्याच्याभोवती फिरू द्या. असा शाफ्ट चौकटीलाही ताठ धरतो. शाफ्ट ३० मिमीचा, ईएन-२४ या मिश्र पोलादाचा, टी कंडिशनमधला (म्हणजे आधीच बेताचा कडक केलेला), आणि त्यावर बसणारं ३० मिमी भोकाचं ६२०६ बेअरिंग. शाफ्ट याहून कडक करून आणू नका, तडकतो. माइल्ड स्टीलचा तर अजिबात नको: एकदा वाकला की ड्रम जाम आणि लढत संपली.

ड्रमला टोकाच्या चकत्या वेल्ड करायच्या असतील तर सगळं वेल्डिंग आधी, ताण काढायचं हीट ट्रीटमेंट त्यानंतर, आणि बेअरिंगच्या जागा सगळ्यात शेवटी. दोन्ही जागा लेथवर एकाच सेटिंगमध्ये बोअर झाल्या पाहिजेत. ड्रम उलटा करून दुसरी बाजू वेगळी धरली की दोन्ही बोअर एका रेषेत राहत नाहीत, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. जळगावात डाळ मिल आणि जिनिंगची कामं करणारे जुने टर्नर आहेत. त्यांच्यासमोर रोबोचं कौतुक सांगत बसू नका. 'भाऊ, शाफ्ट स्थिर आहे, ड्रम फिरणार आहे आणि ठोके बसणार आहेत' एवढं सांगा, ते बरोबर समजतात.

आणि स्पेसर! दोन बेअरिंगांच्या आतल्या रिंगांमध्ये शाफ्टवर एक नळी हवीच. ती नसेल किंवा आखूड असेल तर बाजूचे नट आवळताच आतल्या रिंगा एकमेकींकडे दाबल्या जातात आणि गोळ्यांवर आडवा ताण येतो. टेबलावर हाताने भिरभिर फिरणारा ड्रम चौकटीत बसवला की जड होतो, ते यामुळे. मग कोणी ग्रीस बदलतं, कोणी नट ढिले ठेवतं. ढिला नट तर पहिल्याच टकरीत शाफ्ट सैल करतो. नळी एक-दोन दशांश मिमी लांब चालेल, आखूड कधीच नाही. बाहेरची रिंग ड्रममध्ये घट्ट, आतली शाफ्टवर सरकती. बेअरिंग ठोकून घालू नका. ड्रम शंभर अंशांपर्यंत तापवा, बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवा, हाताने बसेल. शेवटी नट पूर्ण आवळून ड्रम फिरवून पाहा. खरी परीक्षा ती.

ड्रम दोन समतल धारांवर ठेवून समतोल बघा. जड बाजू खाली येते, तिथे ड्रिलने माल काढा. पट्टा व्ही-बेल्टच घ्या, दणक्यात तो घसरतो आणि मोटार वाचते.

चौकट ॲल्युमिनियमच्या जाड पाट्यांची, बोल्टने जोडलेली. ६०६१ जातीचं ॲल्युमिनियम वेल्ड केलं की सांध्याजवळ मऊ पडतं. चाकं अंगाच्या उंचीपेक्षा मोठी, म्हणजे उलटा पडला तरी चालेल. रिमोट बंद झाला की सगळं थांबलंच पाहिजे, आणि बॅटरी तोडायची लिंक बाहेरून हाताला येईल अशी. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी वापरात नसताना सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत तर मुळीच नको.

ड्रम फिरवून बघायचा असेल तर जाड पॉलिकार्बोनेट आणि लोखंडाच्या बंद पेटीतच, आणि ड्रम ज्या रेषेत फिरतो तिच्यात कोणीही उभं राहायचं नाही. पेटी नसेल तर फिरवूच नका. कॉलेजच्या व्हरांड्यात 'थोडंसं' फिरवणाऱ्यांबरोबर मी काम करत नाही.

स्पर्धेला जाताना दोन जादा शाफ्ट, चार बेअरिंग, पट्टे आणि कापून तयार स्पेसर घ्या. दोन लढतींमध्ये वेळ मोजका मिळतो, म्हणून शाफ्ट काढून दुसरा घालायचा सराव घरीच घड्याळ लावून करा.