टॉकीजला डिजिटल मशीन घ्यायचे? आधी पडदा मोजा

कोल्हापुरातल्या एकपडदा टॉकीजचे जुने प्रोजेक्टर मशीन बदलायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, "2के घ्यायचे की 4के?", म्हणजे चित्रात आडवे सुमारे 2 हजार ठिपके की 4 हजार. तो नंतरचा. आधी टेप घेऊन पडद्यापाशी जा.

समजा पडदा 40 फूट रुंद आहे. स्कोप, म्हणजे सर्वात रुंद आकाराच्या चित्राची उंची होते साधारण 16.75 फूट, क्षेत्रफळ 670 चौरस फूट. डीसीआय या हॉलिवूड स्टुडिओंच्या संस्थेच्या मानकाला पडद्यावर 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचे एकक) उजेड लागतो. गेन 1 चा, म्हणजे उजेड वाढवून न दाखवणारा साधा पांढरा पडदा असेल तर 670 गुणिले 14, म्हणजे मशीनमधून 9,380 लुमेन उजेड हवा. मग 10 हजार लुमेनचे मशीन पुरेल असे वाटते, आणि तिथेच फसगत होते. स्कोपला 2के मशीनमधल्या चित्र उमटवणाऱ्या चिपच्या 1,080 ओळींपैकी 858 च लागतात, उरलेल्यांचा उजेड फुकट जातो. म्हणून 9,380 ला 0.79 ने भागा: 11,900 च्या आसपास. केबिनची काच आणि जुना होत जाणारा लॅम्प धरला तर 15 हजार लुमेनच्या खाली जाऊ नका. पडदा पिवळा पडला असेल तर हा हिशेबही कोलमडतो. आधी पडदा बदला.

लेन्ससाठी केबिनपासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी. 90 फुटांवर 2.25, तेवढ्या आकड्याला चालणारी लेन्स घ्या. बाल्कनीवरच्या उंच केबिनमधून चित्र खाली रुंद पडते, तेव्हा लेन्स शिफ्ट, म्हणजे मशीन न वाकवता लेन्स सरकवून चित्र खाली घेण्याची सोय, किती मिळते ते विचारा.

लॅम्पऐवजी लेझरवर चालणाऱ्या मशीनचे 20,000 तास ऐकायला भरपूर वाटतात. रोज 12 तास चालवले तर साडेचार वर्षे. तेही किती उजेड उरेपर्यंत, हे कोटेशनवर लिहून घ्या.

मशीन भाड्याने घेतले तर पडद्यावरच्या जाहिरातींचे पैसे कुणाचे, ते करारात बघा.

मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवलेल्या गावात मशीन उघडायला ऑपरेटरचे हात शिवशिवणारच. पण सीलबंद झाकण उघडले की सर्व्हर (सिनेमा साठवून चालवणारा संगणक) आणि प्रोजेक्टरची सुरक्षा जोडणी तुटते आणि शो लागत नाही. सेकंडहँड मशीन घेताना मीडिया ब्लॉकची, म्हणजे कुलूपबंद सिनेमा उलगडणाऱ्या कार्डाची, बॅटरी आधी तपासा. ती संपली की आतले सर्टिफिकेट, म्हणजे मशीनची डिजिटल ओळख, जाते आणि त्यावर काढलेल्या सिनेमाच्या डिजिटल चाव्या चालत नाहीत.

लाइट गेल्यावर जनरेटर लागेपर्यंत सर्व्हर आणि पंखे तरी यूपीएसवर हवेत. झेनॉन वायूचा लॅम्प विझल्यावरही पंख्याची हवा लागते. पंचगंगेच्या 2019 आणि 2021 च्या पुराचे पाणी आपल्या आवारात कुठवर चढले होते ती खूण शोधा, आणि मेन पॅनेल व जनरेटरचा ओटा तिच्या वर घ्या.