स्पोर्ट्स कारच्या मंडळातील लाडक्या माणसाचे स्मरण कसे करावे

इंदूरसारख्या शहरात स्पोर्ट्स कारचे वेड असणाऱ्यांचे मंडळ फार मोठे नसते. पंधरा-वीस गाड्या, त्यांतल्या निम्म्या कायम कुठल्या ना कुठल्या मिस्त्रीकडे उघडून ठेवलेल्या, आणि रविवारी उजाडण्यापूर्वी महूमार्गे घाटमाथ्यावरचे जाम गेट गाठून परतताना पोहे-जिलेबी खाणारी माणसे, एवढाच त्याचा पसारा. अशा मंडळातला सर्वांचा लाडका माणूस गेला, की काहीतरी केले पाहिजे असे प्रत्येकाला वाटते, आणि घाईत जे केले जाते ते बहुधा चुकते. आमचेही चुकले होते. ज्यांना आम्ही सगळे नुसते काका म्हणत असू, त्यांच्या उठावन्याच्या, म्हणजे शोकबैठकीच्या, दिवशी अकरा गाड्या एकदम राजेंद्रनगरच्या त्यांच्या गल्लीत शिरल्या आणि कोणीतरी सुचवल्यावरून सर्वांनी इंजिनाला रेस देऊन मानवंदना दिली. काकू बैठकीतून उठून आत गेल्या. पुढे बऱ्याच दिवसांनी त्यांनी सांगितले, की दर रविवारी त्याच आवाजावरून त्यांना काका सुखरूप परतल्याचे कळत असे. तेव्हापासून आमचा पहिला नियम असा, की घरच्यांना विचारल्याशिवाय मंडळाने एकही गोष्ट करू नये, आणि विचारायलाही सर्वांनी न जाता ज्याचे त्या घरी जाणे-येणे आहे अशा एकानेच जावे.

त्या एकाने पहिल्या भेटीत स्मरणाचा विषय काढू नये. गाडी कुठे उभी आहे, किल्ली कोणाकडे आहे आणि कागद कुठे ठेवले आहेत एवढेच विचारावे, कारण पहिल्या महिन्यात घरच्यांना मंडळाचा खरा उपयोग इथेच होतो. वाहनमालकाच्या मृत्यूनंतर ज्या वारसाकडे गाडी येते त्याने तीस दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला मृत्यूची आणि गाडी वापरण्याच्या आपल्या इराद्याची माहिती दिली, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५६ प्रमाणे त्याला तीन महिन्यांपर्यंत गाडी वापरता येते. त्याच तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला, आर.सी. म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र आणि विम्याचे कागद जोडून गाडी नावावर करून घेण्याचा अर्ज करावा लागतो. इतर वारसांची संमतीही सामान्यतः मागितली जाते, म्हणून मुले परगावी असल्यास त्यांच्या सह्या ती तेराव्यासाठी आलेली असतानाच घेऊन ठेवाव्यात. हे सुचवणे अवघड वाटते, पण नंतर पुण्याहून नाहीतर परदेशातून कागद मागवणे त्याहून अवघड असते. २०२१ पासून आर.सी.वर नामनिर्देशित व्यक्तीची नोंद करता येते आणि अशी नोंद असेल तर काम पुष्कळ सोपे होते. गाडी पंधरा वर्षांपेक्षा जुनी असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीखही तेव्हाच पाहून घ्यावी.

विम्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पॉलिसी मालकाच्या मृत्यूबरोबर संपत नाही. मृत्यूच्या दिवसापासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत ती चालू राहते. काटकसरीने आणि सांभाळून गाडी चालवणाऱ्याने वर्षानुवर्षे जमवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पत्नी, पती, मुले किंवा आईवडील यांच्याकडे गाडी आली तर त्यांना मिळू शकतो, पण तो मागावा लागतो. मृत्यू गाडी चालवताना अपघातात झाला असेल, तर मालक-चालकाच्या १५ लाख रुपयांच्या व्यक्तिगत अपघात विम्याचीही चौकशी करावी. हे सगळे स्मरणाच्या लेखात कशाला, असे कोणी विचारील. पण ज्या घरी आपण फुले घेऊन जाणार, त्या घरी आधी ही फाइल नीट लावून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता गाडी. काकांची गाडी सॅन स्टॉर्म होती, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भारतात तयार झालेली, दोन आसनांची, फायबरच्या बांधणीची, छत उघडणारी आणि रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनावर चालणारी. जेमतेम साठ अश्वशक्तीच्या या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणावे की नाही यावर मंडळात दर पावसाळ्यात वाद होई आणि काका तो मिटक्या मारत ऐकत. अशी गाडी मालकाविना उभी राहिली की दोन महिन्यांत तिची दशा होते. त्यासाठी हँडब्रेक ओढून ठेवू नये, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावावेत, कारण ओढलेल्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसतात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरावी. टाकी रिकामी ठेवू नये. आताच्या, वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या पेट्रोलात हवेतली ओल शोषली जाते आणि अर्ध्या टाकीत त्यासाठी जागाच जागा असते. झाकायला प्लास्टिकची ताडपत्री न वापरता हवा खेळेल असे सुती कव्हर घ्यावे आणि उंदीर वायरी कुरतडत नाहीत ना, हे आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहावे.

अनेक जण सद्भावनेने रोज येऊन सेल मारतात, पाच मिनिटे इंजिन चालवतात आणि जातात. हे करू नये. एवढ्या वेळात तेल पुरेसे तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठते आणि सेलसाठी खर्च झालेली बॅटरीही भरून निघत नाही. त्यापेक्षा कागद आणि विमा ठीक असतील तर पंधरा दिवसांतून एकदा, घरच्यांच्या परवानगीने, ठरलेल्या एकाच माणसाने गाडी वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर फिरवून आणावी.

परंतु ती पहिल्यांदा हलवण्याआधी एक काम आहे आणि ते एकदाच करता येते. चालकाची सीट, आरसे, रेडिओवरचे स्टेशन, कप्प्यातल्या वस्तू, सगळे जसे आहे तसे असताना फोटो काढावेत आणि सीट रुळावर कितव्या खाचेत आहे ते मोजून वहीत लिहावे. कप्पा आपण उघडू नये, घरच्यांनी उघडावा. काकांच्या कप्प्यात एक टायर गेज, वळकटी केलेला जुन्या धोतराचा तुकडा आणि इंदूरच्या सानंद या संस्थेच्या नाटकाची दोन जुनी तिकिटे निघाली. रविवारी परतताना काका इतके घड्याळ का पाहत, ते आम्हाला त्या तिकिटांवरून कळले: संध्याकाळी काकूंना नाटकाला न्यायचे असे. आम्ही मात्र वीस वर्षे त्यांना घाईचा माणूस समजत होतो.

शब्दांत स्मरण लिहायचे तर असा तपशील गोळा करावा लागतो. प्रत्येकाला 'काकांविषयी चार ओळी लिही' असे सांगितले तर दिलदार, हसतमुख, मार्गदर्शक हे तीन शब्द वीस वेळा येतात. त्याऐवजी प्रत्येकाकडून एकच प्रसंग मागावा: कुठला रस्ता, कुठले वर्ष, कोणती गाडी, काय बिघडले आणि ते काय म्हणाले. सिमरोलच्या घाटात तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडायला निघालेल्या मुलाचा हात त्यांनी कसा धरला आणि इंजिन थंड होईपर्यंत अर्धा तास त्याला काय सांगितले, हा एक प्रसंग दिलदारपणाच्या दहा उल्लेखांपेक्षा जास्त सांगतो. आलेला मजकूर एकाने जुळवावा, तारखा ताडून पाहाव्यात आणि छापण्याआधी घरच्यांना वाचून दाखवावा. मंडळाला माणसाचा रविवार ठाऊक असतो, उरलेले सहा दिवस घरालाच माहीत असतात. फोटो मोबाइलवरून मोबाइलवर फिरून अस्पष्ट झालेले न घेता मूळ प्रती मागवाव्यात, आणि बाहेर द्यायच्या फोटोंतील घराचा पत्ता व गाडीचा क्रमांक झाकावा. कोणाकडे त्यांचे आवाजातले निरोप असतील तर ते वेगळ्या जागी साठवून घरी द्यावेत. मोबाइल बदलला की असे निरोप हमखास हरवतात. गाडी पूर्ण थंड असताना पहिला सेल मारल्याचा आवाजही एकदा शांत जागी ध्वनिमुद्रित करून ठेवावा. तो घरी कधी ऐकवायचा, की ऐकवायचाच नाही, हे घरच्यांनी ठरवावे.

गाडीचा इतिहासही याच वहीत यावा: कधी, कोणाकडून घेतली, रंग कधी बदलला, कोणत्या मिस्त्रीने इंजिन उघडले, कुठला भाग कुठून मागवला. इंदूरकरांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३५ च्या सुमारास लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बॉडी चढवलेली ड्यूसेनबर्ग मोटार कधीच परदेशी गेली, तरीही जाणकार तिला आजही इंदूरच्या महाराजांची गाडी म्हणूनच ओळखतात. आपल्या मंडळातल्या गाड्या काही राजेशाही नाहीत, पण पुढच्या मालकाला ही गाडी काकांची होती हे कळायचे असेल, तर ते कागदावर असले पाहिजे. विक्रीचा विषय मात्र घरच्यांनी काढेपर्यंत मंडळातल्या कोणीही काढू नये. दहाव्याच्या दिवशी 'गाडी द्यायची असेल तर आधी मला सांगा' असे म्हणणारा एक जण आमच्यातही निघाला होता.

स्मरणफेरी काढायची तर ती महिन्यानंतर काढावी आणि शक्य असल्यास त्यांच्याच आवडत्या मार्गाने. आमचा मार्ग इंदूर, महू, जाम गेट आणि पुढे निमाडात उतरून महेश्वर, असा साधारण नव्वद किलोमीटरचा आहे. पावसाळ्यातल्या रविवारी जाम गेटवर इतकी गर्दी होते की गाडी उभी करायला जागा मिळत नाही आणि ऐन थंडीत पहाटे धुके असते. ऑक्टोबरचा शेवट किंवा फेब्रुवारी उत्तम. आदल्या आठवड्यात एकाने साध्या गाडीतून जाऊन उंच स्पीडब्रेकर आणि उखडलेले पट्टे नोंदवून आणावेत, नाहीतर बुटक्या गाड्यांचे पोट घासून अर्धा दिवस तिथेच जाईल. टायर किती जुने आहेत तेही पाहावे: टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. हौशी गाड्या कमी फिरतात, त्यामुळे त्यांच्या टायरची नक्षी शाबूत असते, पण रबर म्हातारे झालेले असते.

या फेरीत कोणीही वेग दाखवू नये. सार्वजनिक रस्त्यावर राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पीथमपूरला २०२१ मध्ये उघडलेला ११.३ किलोमीटरचा अतिवेग मार्ग आहे; वेगाची हौस अशा बंद मार्गांसाठी असते, निमाडातल्या बैलगाड्यांमध्ये नव्हे.

रांगेत एक जागा मोकळी ठेवण्याची पद्धत चांगली आहे. मोटार शर्यतींच्या जगातही अशा खुणा असतात: १ मे १९९४ रोजी इमोला येथे शर्यतीत आयर्टन सेना हा चालक गेल्यानंतर त्याच्या विल्यम्स संघाच्या गाड्यांवर त्याच्या नावाचे लहानसे चिन्ह २०२१ पर्यंत होते, आणि ज्यूल बियांकी हा चालक २०१५ मध्ये गेल्यावर त्याचा १७ हा क्रमांक फॉर्म्युला वनमधून निवृत्त करण्यात आला. चिन्ह लहान ठेवावे, हे त्यातून घेण्यासारखे. आमच्याकडे आधी बॉनेटभर फोटो चिकटवायचे ठरले होते; शेवटी मागच्या काचेच्या कोपऱ्यात दोन बोटांएवढे स्टिकर लावले, त्यावर नुसती टायर गेजची आकृती, कारण जाम गेटला पोचल्यावर काका प्रत्येकाच्या चाकांची हवा स्वतः मोजत. मोकळ्या जागेमुळे मध्येच ट्रक घुसण्याची शक्यता असते, म्हणून ती महूच्या गर्दीत न ठेवता फक्त घाटाच्या वरच्या सरळ पट्ट्यात ठेवावी. जाम गेटवर भाषणे नकोत. एकाने एक प्रसंग वाचावा, दोन मिनिटे इंजिने बंद ठेवावीत आणि मग सर्वांच्या टायरची हवा तपासावी. खाण्याचे म्हणाल तर पोहे, वर शेव आणि जिरावन हा इंदुरी मसाला. केक वगैरे आणू नये.

मोकळी जागा पहिल्या वर्षीच ठेवावी. वर्षश्राद्धानंतर घरातले कोणी गाडी चालवायला तयार असेल, तर ती जागा त्याची. काकांच्या मुलीला मंडळातल्या दोघांनी चार रविवार सुपर कॉरिडॉर या रुंद रस्त्यावर पहाटे सराव दिला, कारण या गाडीचा क्लच तिच्या रोजच्या गाडीपेक्षा कितीतरी जड आहे. अशा वेळी नव्या चालकाला रांगेत दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे, पुढे सर्वांत शांत चालवणारा द्यावा आणि मागच्या गाडीत जंपर केबल व पाने असावेत. सीट पुढे घ्यायला ती बराच वेळ तयार नव्हती. तेव्हा आम्ही तिला वही दाखवली, ज्यात मूळ खाच लिहिलेली होती, आणि मग तिने सीट तीन खाचा पुढे घेतली.