स्पीकरचा स्टँड घेताय? उंचीच्या या चुका टाळा

"28 इंची स्टँड घ्या, सगळे तेच घेतात," असं कुणीतरी सांगितलं आणि मी गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून तसे दोन स्टँड करून घेतले. घरी आणून स्पीकर ठेवले, गादीवर लोडाला टेकून बसलो, तर गाणारा जणू माळ्यावर बसलेला आणि तानपुऱ्याची जवार बोथट. आठवडाभर मी अ‍ॅम्प्लिफायरला दोष देत होतो. मग टेप लावली. ट्वीटर, म्हणजे बारीक, उंच स्वर वाजवणारा छोटा भोंगा, जमिनीपासून 96 सेंटिमीटरवर, माझे कान 70 वर.

म्हणजे स्पीकर बरोबर होते, स्टँडही झकास होते. फक्त ते सोफ्यावर बसणाऱ्याचे होते, आणि आमच्याकडे भारतीय बैठक!

ट्वीटर सहसा कानाच्या रेषेत हवा, त्याचा हिशोब सोपा आहे. कानाची उंची मोजा, त्यातून स्पीकरच्या तळापासून ट्वीटरच्या मध्यापर्यंतचं अंतर वजा करा. उरेल ती स्टँडची उंची, खालचे स्पाइक (टोकदार पाय) आणि वरचे रबर धरून. माझं उत्तर आलं 45 सेंटिमीटर. फॅब्रिकेटरने पाइप कापताना "आधी मोजायचं ना साहेब" एवढंच म्हटलं, पैसे मात्र पुन्हा घेतले. सोफ्यावर कान साधारण 90 ते 100 सेंटिमीटरवर येतात, म्हणून दुकानात 24 ते 28 इंची स्टँडच जास्त दिसतात.

मोजतानाही गंमत होते. टेप समोर आली की माणूस शाळेत उंची मोजल्यासारखा ताठ बसतो. तसं नको. एक गाणं लावून नेहमीसारखे रेला, आणि टेप दुसऱ्याच्या हाती द्या.

दहा-पंधरा सेंटिमीटरचं एवढं काय, असं वाटेल. दोन ड्रायव्हरच्या, म्हणजे दोन भोंग्यांच्या, स्पीकरमध्ये साधारण 2 ते 3 किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा भोंगा) आणि ट्वीटर दोघंही वाजत असतात. 2,500 हर्ट्‌झची लाट जेमतेम 14 सेंटिमीटर लांब. कान वर-खाली झाला की दोघांच्या आवाजाला कापावं लागणारं अंतर काही सेंटिमीटरने बदलतं, आणि तेवढ्यानेही लाटा एकमेकींना थोड्याफार खातात. नेमक्या त्याच पट्ट्यात गाण्यातले शब्द स्पष्ट होतात, तबल्याची चाट चमकते. डावी-उजवीकडे सरकलात तर हा घोटाळा होत नाही, कारण ड्रायव्हर एकावर एक आहेत. शोकेसमध्ये मावत नाही म्हणून स्पीकर आडवा झोपवला, की हाच दोष सोफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरतो. ते तर करूच नका.

अपवाद आहेत. काही स्पीकरमध्ये ट्वीटर वूफरच्या खाली असतो, काहींत वूफरच्या मधोमध. अशा वेळी कानाची रेषा कुठे धरायची ते माहितीपुस्तिकेत पाहा.

स्टँड विकत घेण्याआधी घरातच तालीम करा. स्टुलावर पाट, पाटावर जुने दिवाळी अंक, त्यावर स्पीकर. रचना डगमगत नाही ना, एवढं बघा. एफएम रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे अडकवून नुसता 'श्श' आवाज एकाच स्पीकरवर लावा आणि हळूहळू उठा-बसा. 'श्श'चा रंग बदलताना सहज ऐकू येईल. तो जिथे सर्वांत भरीव आणि एकसंध वाटेल, तिथे उंची पक्की. एकेक अंक काढत-घालत हे काम तासाभरात होतं.

स्टँड आधीच घेऊन झालेत आणि बुटके निघाले? लगेच बदलू नका. कान ट्वीटरपेक्षा 20 सेंटिमीटर वर आणि तुम्ही अडीच मीटर लांब, तर स्पीकर जेमतेम साडेचार अंश मागे कलवायचा आहे. 25 सेंटिमीटर खोलीच्या स्पीकरला पुढच्या बाजूने 2 सेंटिमीटरचा रबराचा तुकडा पुरतो. तो घसरणारा नको. स्टँड उंच झाला असेल, तर तेवढाच तुकडा मागच्या बाजूला.

टीव्हीच्या वर, भिंतीत खिळे ठोकून टांगलेले स्पीकर हा वेगळाच प्रकार. जागाच नसेल तर टांगा, पण निदान तोंड खाली, बसायच्या जागेकडे करा.

आणि उंची बरोबर आली तरी फरशी आपलं काम करतेच. सोफ्यावर बसून कान आणि वूफर दोन्ही जमिनीपासून जवळजवळ मीटरभर उंचीवर असले, की फरशीवरून उसळून येणारा आवाज थोडा उशिरा पोचतो आणि साधारण 250 ते 350 हर्ट्‌झच्या आसपास खड्डा पाडतो, म्हणजे तेवढे सूर दबतात. सतरंजीने तो बुजत नाही, कारण त्या लाटा मीटरभर लांबीच्या. स्टँड चार बोटं वर-खाली केला तर खड्डा जरा सरकतो, एवढंच. त्यासाठी ट्वीटरची रेषा बिघडवू नका.

उंच स्टँड पोकळ असेल तर त्यात वाळू भरा, पण धुऊन कडकडीत वाळवलेली. ओली राहिली तर पाइप आतून गंजतो. व्हिट्रिफाइड टाइल्सवर स्पाइक असतील तर प्रत्येकाखाली एकेक रुपयाचं नाणं ठेवा. आमच्याकडे एक नाणं सरकलं होतं, तो ओरखडा अजून दिसतो.