पाठीची न थांबणारी खाज आणि मिरचीचं मलम

आमची आत्या वर्षभर डाव्या फऱ्याखालची तळहाताएवढी जागा दाराच्या चौकटीला घासत होती. पुरळ नाही, गांधी नाहीत, फक्त घासून काळपट झालेला डाग. अशी एकाच जागची खाज बऱ्याचदा कातडीची नसते, पाठीच्या कण्याजवळ दबलेल्या नसेची असते. म्हणून ॲलर्जीच्या गोळीनं झोप येते, खाज राहतेच.

त्वचेच्या डॉक्टरांनी कॅप्सेसिनचं मलम दिलं तर दचकू नका. आपल्या कोल्हापुरी कांदा-लसूण चटणीला जाळ देणारा पदार्थ तो हाच, पण मोजून, ०.०२५ ते ०.१ टक्के. पहिले काही दिवस आग होते आणि नेमकं तिथंच लोक ट्यूब कपाटात टाकतात. दिवसातून तीन-चार वेळा नेमानं लावत राहिलं की नसेची टोकं बधिर होत जातात, आग ओसरते, खाजही कमी होऊ लागते. मध्येच सोडलं तर आग पुन्हा पहिल्यापासून.

हातमोजा घालून लावा, तरीही नंतर हात साबणानं धुवा. मिरच्या कांडल्यावर डोळ्याला हात लावलेल्यांना जास्त सांगायला नको! फुटलेल्या कातडीवर लावायचं नाही, कढत पाण्याच्या अंघोळीच्या आगेमागेही नाही. घरचा ठेचा चोळायचा सल्ला कुणी दिलाच, तर हसून सोडून द्या.

आग सोसत नसेल तर डॉक्टरांना लिडोकेनबद्दल, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाबद्दल विचारा. त्याची पट्टी १२ तास लावायची, पुढचे १२ तास जागा मोकळी. रात्री खाज उसळली तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ.