नव्या अ‍ॅफिलिएट साइटचं रँकिंग घसरलं? आधी नेमकं काय पडलंय ते बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली बरीच पोरं आता अ‍ॅफिलिएट साइट काढतात. कुणी मिक्सर-इन्व्हर्टरवर लिहितं, कुणी मोबाइलवर. माझी साइट शेतीच्या अवजारांची: बॅटरीवरचे फवारणी पंप, गवत कापायची मशीन, ताडपत्री. मजकूर मराठीत, लिंकवरून कुणी माल घेतला की कमिशन. ज्याची साइट गूगलच्या निकालांत खाली पडते तो विचारायला येतो, आणि त्याला मी पहिलं हेच सांगतो की अजून काही बदलू नकोस. थीम नको, प्लगिन नको, शीर्षकंही नकोत. काय पडलंय हे कळायच्या आत हात घातला, की साइट कशानं पडली आणि कशानं उठली यातलं काहीच नंतर कळत नाही.

आता गूगल सर्च कन्सोल उघडा, म्हणजे तुमची साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन. परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये चारही चौकटींवर टिक करा: क्लिक, इम्प्रेशन (निकालांत किती वेळा दिसलात), सीटीआर (दिसलात त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं), सरासरी पोझिशन (निकालांत कितव्या जागी). तारखेत कंपेअर निवडून मागचे २८ दिवस त्याआधीच्या २८ दिवसांशी लावा. शेवटच्या दोन-तीन दिवसांचे आकडे अपुरे असतात, त्यावरून जीव खालीवर करू नका.

इम्प्रेशन आणि क्लिक दोन्ही उतरलेत, पण पोझिशन जागच्या जागी आहे? मग रँकिंग पडलेलंच नाही, शोधणारी माणसं कमी झालीत. ताडपत्री आपल्याकडे मे-जूनमध्ये शोधतात. पाऊस सरल्यावर कोण शोधणार? नव्या साइटकडे मागच्या वर्षीचे आकडे नसतात, म्हणून गूगल ट्रेंड्सवर तोच शब्द कर्नाटक आणि महाराष्ट्र अशा दोन्ही राज्यांत पाच वर्षांसाठी टाकून बघा. हंगामाचा चढउतार असेल तर लगेच दिसतो.

उलटही घडतं. इम्प्रेशन वाढलेत आणि सरासरी पोझिशन मात्र खाली गेलीय. पोरं इथंच सगळ्यात जास्त घाबरतात, आणि उगाच. पान नव्या शब्दांसाठी चाळिसाव्या-पन्नासाव्या जागी दिसायला लागलं की सरासरी खाली ओढली जाते; जुनी जागा तशीच असते. म्हणून सरासरीवर न जाता एक पान निवडा, त्यातला एक शब्द निवडा आणि तेवढीच रेघ बघा. आमच्याकडे शेतकरी ‘फवारणी पंप’ म्हणून शोधतो तसा ‘औषध मारायचा पंप’ म्हणूनही शोधतो, शिवाय हेच रोमन लिपीत टाइप करणारेही पुष्कळ. प्रत्येकाची रेघ वेगळी निघते.

पोझिशन आणि इम्प्रेशन ठीक, फक्त क्लिक घटले, तर निकालांच्या वर काय आलंय ते बघा: जाहिराती, व्हिडिओ, एआयचं उत्तर. आणि स्वतःच्या मोबाइलवर स्वतःची साइट शोधून पोझिशन ठरवू नका. बेळगावात आणि कोल्हापुरात बसून एकच शब्द शोधला तरी निकाल वेगळे दिसू शकतात.

खरीखुरी घसरण ओळखायला गूगलचं स्वतःचं मार्गदर्शन सोपं आहे. दुसऱ्यावरून चौथ्या जागी आलात तर काही करू नका. चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर गेलात तर मात्र सगळी साइट तपासायला बसा. नवी साइट सुरुवातीला वर चढून खाली येणं हे तर नेहमीचंच. तिच्याबद्दल गूगलकडे माहिती थोडी असते, तो अंदाजानं जागा देतो आणि पुढे ती बदलतो.

पान शोधात अजिबातच दिसत नसेल तर सर्च कन्सोलच्याच पेज इंडेक्सिंग रिपोर्टमध्ये जा; गूगलनं कोणती पानं आपल्या यादीत घेतली ते तिथं दिसतं. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंगखाली सर्च इंजिनला अडवायची एक चौकट असते. साइट बनवून देणारे काम चालू असताना ती टिक करतात आणि तशीच ठेवून जातात. ती आधी बघा. ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ असं लिहिलेलं असेल तर गूगल येऊन बघून गेला, पण पान ठेवलं नाही. इंडेक्सिंगची विनंती दहादा दाबून तो ठेवणार नाही. मॅन्युअल अ‍ॅक्शन आणि सिक्युरिटी इश्यू ही दोन पानंही एकदा उघडा. दोन्ही रिकामी असतील तर तुम्हाला कुणी शिक्षा केलेली नाही.

मग तारखा जुळवा. गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर कोणतं अपडेट कधी सुरू झालं आणि कधी संपलं ते असतं. कोअर अपडेट म्हणजे गूगल निकालांची क्रमवारी लावायच्या पद्धतीत करतो तो मोठा बदल. मार्च २०२४ चं कोअर अपडेट ५ मार्चला सुरू होऊन १९ एप्रिलला संपलं, म्हणजे चालू असताना रोज आकडे बघण्यात अर्थ नव्हता. अपडेट संपल्यावर पूर्ण एक आठवडा जाऊ द्या आणि तो आठवडा अपडेट सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्याशी लावा. त्याच मार्चमध्ये गूगलनं स्पॅमचे नवे नियमही आणले. रँकिंगसाठी ढिगानं पानं पाडणं त्यात बसतं, मग ती माणसानं पाडोत की मशीननं. बंद पडलेल्या संस्थेचं जुनं डोमेन घेऊन त्यावर भलताच मजकूर टाकणंही बसतं. इंग्रजी रिव्ह्यू मशीननं मराठीत उतरवून शंभर पानं टाकायचा मोह आपल्याकडे फार, कारण मराठीत स्पर्धा कमी. तसं केलं असेल तर घसरणीचं कारण दुसरीकडे शोधू नका.

आता दुरुस्ती. सगळी साइट एकदम धरू नका, सगळ्यात जास्त पडलेलं एक पान घ्या. समजा, ‘चांगला बॅटरी पंप कोणता’ हे पान. विक्रेत्याच्या पानावर काय असतं? टाकी १६ लिटर, बॅटरी १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवर, सोबत बेल्ट आणि नोझल. तुमच्या पानावरही तेवढंच असेल, तर गूगलनं तुम्हाला मध्ये कशाला ठेवावं? नुसती विक्रेत्याची माहिती उतरवलेल्या अ‍ॅफिलिएट पानांचा उल्लेख त्याच्या स्पॅम धोरणात थेट आहे.

पंप विकत घ्यायलाच हवा असं नाही. कडोली भागात भाजीपाला करणाऱ्या कुणाकडे तो असतोच. एक सकाळ मागून घ्या. भरलेली टाकी पाठीवर घेतली की नुसतं पाणीच सोळा किलो, वर पंप आणि बॅटरी. बेल्ट खांद्यात कुठं रुततो, वाकल्यावर झाकणातून पाणी मानेवर येतं का, पावडरीचं औषध घातल्यावर नोझल तुंबतो का, एका चार्जिंगमध्ये किती टाक्या होतात, हे लिहा. फोटो स्वतःच्या मोबाइलनं काढा, चिखल लागलेला चालेल. मग दुरुस्ती करणाऱ्याकडे जा आणि त्याच्याकडे काय परत येतं ते विचारा. बटण, चार्जिंगची पिन, मोटर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी हंगाम संपल्यावर उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की पुढच्या वर्षी चार्ज धरत नाही, म्हणून अधूनमधून चार्ज करायला हवी. हे विकणारा सांगत नाही. हा पंप कुणी घेऊ नये, तेही बेधडक लिहा. कमिशन बुडेल म्हणून ते गाळणारे खूप, पण रिव्ह्यूत उणिवा, तुलना आणि स्वतः वापरल्याचा पुरावा असावा, असं गूगल स्वतःच सांगतो.

एकाच विषयावर चार पानं असतील तर मजकूर एका पानावर आणा आणि बाकीच्यांना ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा कायम त्या एका पानावर जाईल. अ‍ॅफिलिएट लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ हे रेल मूल्य द्या; लिंकच्या कोडमधली ही खूण ती पैशांची लिंक आहे हे गूगलला सांगते. ते २०१९ पासून आहे, ‘नोफॉलो’ असेल तरी चालतं. कमिशन मिळतं हे पानाच्या वरच्या भागातच सांगा. बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंक, विकणाऱ्यांचे मेसेज डिलीट करा. मजकूर तोच ठेवून नुसती तारीख बदलण्यानं काही होत नाही.

सुधारलेलं पान वर यायला काही महिने लागू शकतात, कधी पुढच्या कोअर अपडेटपर्यंत थांबावं लागतं. अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅफिलिएट कार्यक्रमात मात्र नाव नोंदवल्यापासून १८० दिवसांत तीन पात्र विक्र्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं. म्हणून साइट अगदीच नवी असेल, तर वाचक यायला लागेपर्यंत तिथं अर्ज करू नका. तोवर एक वही ठेवा: तारीख, कोणतं पान, काय बदललं. महिन्यातून एकदा तेच पान, तोच शब्द सर्च कन्सोलमध्ये काढून त्याचा आकडा समोर लिहा.