अक्कलदाढ काढायची धास्ती वाटते? मग निदान या चुका टाळा

खालची अक्कलदाढ बऱ्याचदा अर्धीच वर येते. उरलेल्या भागावर हिरडीचा पापुद्रा राहतो, त्याखाली पोह्याचा कण, कोथिंबिरीचं पान असं काहीबाही अडकतं आणि ब्रश तिथपर्यंत पोचत नाही. मग हिरडी सुजते, गिळताना दुखतं, तोंड दोन बोटांपुरतंही उघडत नाही. दातांच्या डॉक्टरची धास्ती असलेला माणूस अशा वेळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो आणि "दाढदुखीवर काहीतरी द्या" म्हणतो. गोळ्या घेतल्या की सगळं शांत. काही आठवड्यांनी पुन्हा तेच.

दुखणं थांबलं म्हणून विषय बंद करणं

गोळीने सूज उतरते, पापुद्रा आणि त्याखालची खाच जागेवरच राहते. शिवाय दाढ आडवी वाढत असेल तर पुढच्या चांगल्या दाढेला टेकते आणि त्या फटीत कीड लागते. म्हणजे एक दाढ वाचवायला गेलात आणि दुसरीचं रूट कॅनाल गळ्यात पडलं. वय वाढेल तसं जबड्याचं हाड घट्ट होतं, मुळं पूर्ण वाढलेली असतात आणि पंचविशीच्या आत जे काम सोपं असतं ते चाळिशीत जास्त वेळ घेतं.

सगळ्यात मोठा घोटाळा वेगळाच आहे. हिरडीत जोरात इन्फेक्शन असताना तिथला भाग आम्लधर्मी होतो आणि भुलीचं औषध नीट लागू पडत नाही. घाबरणारा माणूस नेमका तेव्हाच, अगदी सहनच होईना म्हणून, रात्री नऊला दवाखान्याच्या पायऱ्या चढतो. त्याला दुखतं. मग तो सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटतो की बघा, मी म्हणत नव्हतो! कामाच्या दिवशी, दुखत नसताना, शांतपणे जाणाऱ्याचा अनुभव बहुतेक वेळा याच्या उलट असतो.

आणि हो, प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असं नाही. सरळ आली आहे, स्वच्छ राहते, शेजारणीला त्रास देत नाही, तर राहू द्या. ते ठरतं ओपीजी एक्स-रेवरून, म्हणजे सगळे दात आणि दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणाऱ्या एक्स-रेवरून. यात तोंडात फिल्म कोंबत नाहीत, तुम्ही उभे राहता आणि मशीन डोक्याभोवती फिरतं, त्यामुळे ज्यांना उमासे येतात त्यांनीही घाबरू नये. खालच्या दाढेची मुळं ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या फार जवळ दिसली तर डॉक्टर सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचं थ्रीडी चित्र काढायला सांगतात. तो सांगितला म्हणजे पैसे काढताहेत असं लगेच ठरवू नका. कारण विचारा, एक्स-रेवर नस दाखवायला सांगा.

भीती दडवून ठेवणं

पुणेकराला अपमान सहन होतो पण भित्रा म्हटलेलं सहन होत नाही. त्यामुळे खुर्चीत बसल्यावर "काही नाही हो, करा तुम्ही" असं म्हणायचं, मुठी मात्र आवळलेल्या. डॉक्टरला हाताच्या मुठी दिसत नाहीत, त्याची नजर तोंडात असते.

"डॉक्टर, मला भीती वाटते" एवढंही पुरेसं नाही. चांगला डॉक्टर लगेच विचारेल, "कशाची? सुईची, आवाजाची, की तोंडात पाणी साठलं की गुदमरतंय असं वाटण्याची?" उत्तर घरून ठरवून जा, कारण प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. सुईची असेल तर आधी हिरडीवर बधिर करणारं जेल लावून दोन-तीन मिनिटं थांबता येतं आणि इंजेक्शन सावकाश देता येतं. गुदमरण्याची असेल तर खुर्ची थोडी कमी आडवी करता येते, सक्शनची नळी जास्त वेळा फिरवता येते. आवाजाची असेल तर कानात इयरफोन घालायची परवानगी मागा. आणि काहीही असो, डावा हात वर केला की थांबायचं, हे आधी ठरवून घ्या. बरेच जण तो हात शेवटपर्यंत वर करत नाहीत. पण करता येतो हे माहीत असण्यानेच निम्मा जीव भांड्यात पडतो.

आता खुर्चीत काय होतं ते नीट सांगतो, कारण अर्धवट माहितीवर माणूस भलतीच चित्रं रंगवतो. भुलीच्या औषधात, म्हणजे बहुधा लिग्नोकेनमध्ये, थोडं अॅड्रेनालिन असतं. त्याने इंजेक्शननंतर एक-दोन मिनिटं छातीत धडधडू शकतं. ते औषधाचं काम आहे, तुम्हाला काही झालेलं नाही. मग खालचा ओठ जाड, परक्याचा वाटू लागतो. ओठ बधिर झाला नसेल तर तसं सांगा, लाजू नका, अजून औषध देता येतं. डॉक्टर टोकदार अवजाराने हिरडी टोचून विचारतील, तेव्हा "टोचतंय" आणि "दाबतंय" यातला फरक सांगा. टोचलेलं कळायला नको. दाब मात्र कळणारच, कारण भूल दुखणं मारते, दाब मारत नाही. अडकलेल्या दाढेचे ड्रिलने दोन-तीन तुकडे करून ती काढतात, तेव्हा कर्र असा आवाज येतो. तो बाहेरच्या माणसाला फारसा ऐकू येत नाही. तुम्हाला तो जबड्याच्या हाडातून थेट कानात येतो, म्हणून भयंकर वाटतो. आपला जबडाच मोडला, असं वाटून खुर्चीत उडी मारणारे याच क्षणाला मारतात. कर्र झालं म्हणजे काम पुढे सरकलं.

आजोबांच्या काळी नुसती पकड लावून दाढ उपटत, या गोष्टी घरात सांगितल्या जातात. लिग्नोकेन तयार झालं १९४३ साली, स्वीडनमध्ये. त्यानंतरच्या माणसांनी त्या गोष्टी मनावर घ्यायचं कारण नाही. वरची दाढ काढली की नजर अधू होते, ही तर निव्वळ थाप.

एवढं करूनही जमणारच नाही असं वाटत असेल तर गुंगीचं औषध देऊन काम करणारे ओरल सर्जन आहेत, खर्च वाढतो एवढंच. तो आधी विचारा. खर्चाची अडचण असेल तर पुण्यात धनकवडीच्या भारती विद्यापीठाचं किंवा आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला डेंटल कॉलेज आहे. तिथे शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. मात्र आपल्याभोवती जास्त माणसं उभी राहिली की ज्यांचा घाम फुटतो, त्यांनी हेही तिथे आधी सांगावं.

"तंबाखू नाही हो, फक्त मिश्री"

फॉर्मवर तंबाखूच्या पुढे 'नाही' लिहायचं आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची, हे आपल्याकडे सर्रास चालतं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. दाढ काढल्यावर जखम भरायला जी रक्ताची गुठळी लागते, तिच्या ती मुळावर येते. सिगारेटही तशीच. डॉक्टर तुमच्या सासूबाईंना जाऊन सांगणार नाहीत, तेव्हा खरं सांगा.

तसंच इकोस्प्रिन किंवा रक्त पातळ करणारी इतर गोळी. काही जण ती सांगत नाहीत आणि काही जण स्वतःच्या अकलेने चार दिवस आधी बंद करतात. दुसरे जास्त धोक्यात असतात. हृदयाच्या डॉक्टरला आणि दाताच्या डॉक्टरला एकमेकांशी बोलू द्या. साखर, बीपी, दमा, हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं, गरोदरपण, कुठल्या औषधाची अॅलर्जी, हे सगळं कागदावर लिहून न्या. घाबरलेल्या माणसाला आयत्या वेळी काही आठवत नाही.

उपाशी जाणं

संकष्टीच्या दिवशी सुट्टी मिळाली म्हणून त्याच दिवशी अपॉइंटमेंट, पोटात सकाळपासून फक्त चहा, वर धास्ती. अशा माणसाला खुर्चीत भोवळ येते आणि तो म्हणतो इंजेक्शन लागलं. नुसती जागेवर भूल देणार असतील तर दीड-दोन तास आधी पोटभर पण हलकं खाऊन जा, दात घासून जा. गुंगी किंवा पूर्ण भूल देणार असतील तर उलट, डॉक्टर सांगतील तेवढे तास काहीही खायचं नाही, पाण्याबद्दलही विचारून घ्या. या दोन्हींत गल्लत करू नका.

उपवास असलाच तर दुसरीही आफत आहे, संध्याकाळची साबुदाण्याची खिचडी. दाण्याचं कूट दाढ निघालेल्या खाचेत जाऊन बसतं आणि मग माणूस काडी घेऊन कोरत बसतो.

वार निवडतानाही थोडा विचार करा. खरं दुखणं उपटायचं तर ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी उपटतं. गुरुवारी दाढ काढली की तिसरा दिवस रविवार, दवाखान्याला कुलूप. सोमवार-मंगळवार बरा. विसर्जनाच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको. मध्यवस्तीत रस्ते बंद असताना टाका सुटला तर जाणार कुठून?

जाताना सोबत कुणाला तरी न्या आणि टू-व्हीलर घरी ठेवा. एकट्याने गाडीवर जाऊन येतो म्हणणाऱ्याला परतताना कळतं की सुजू लागलेल्या गालावर हेल्मेट चढत नाही. रिक्षाने या.

घरी आल्यावर

दाबून धरायला दिलेला कापसाचा किंवा गॉजचा बोळा अर्धा-पाऊण तास तसाच धरा. रक्त थांबलं का हे बघायला दर पाच मिनिटांनी तो काढणं, ही घाबरणाऱ्यांची खास चूक. प्रत्येक वेळी नुकती धरलेली गुठळी सुटते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. पहिले २४ तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. थंड खायचं म्हणून मस्तानी आणवलीत तर चमच्याने खा, ती स्ट्रॉ बाजूला ठेवा. वरची दाढ काढली असेल तर काही दिवस नाकही जोरात शिंकरू नका.

पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, दहा-पंधरा मिनिटं लावायचा, तेवढाच वेळ थांबायचं. आजी गरम मिठाची पुरचुंडी घेऊन येईल, तिला दोन दिवस थांबायला सांगा. लवंगेचं तेल ताज्या जखमेत सोडू नका, हिरडी भाजते. गालात अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याचाही तोच परिणाम. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा दुसऱ्या दिवसापासून, जेवल्यावर, खळखळ न करता.

दुखण्याची गोळी भूल उतरायच्या आधी घ्या. दुखायला लागल्यावर बघू, हा मर्दपणा इथे महागात पडतो. मात्र कॉम्बिफ्लामवर वरून डोलो घेताना लक्षात ठेवा, पॅरासिटामॉल दोन्हींत आहे. कॉम्बिफ्लाममधलं आयबुप्रोफेन अल्सरवाल्यांना आणि काही दमेकऱ्यांना चालत नाही. पावसाळ्यात ताप आला असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर तर अजिबात नाही. मेट्रोनिडाझोल लिहून दिलं असेल तर तो कोर्स संपून काही दिवस होईपर्यंत दारू बंद.

खाणं काय, तर गुरगुट्या भात, कोमट वरण, मऊ मुगाची खिचडी, ताक, शिरा. बधिरपणा आहे तोवर काही चावू नका, ओठ चावला गेला तरी कळत नाही. अमृततुल्यचा वाफाळता कप आणि मिसळ चार दिवस वाट बघतील.

काय झालं म्हणजे घाबरायचं नाही

सकाळी उशीवर गुलाबी डाग. लाळेत थेंबभर रक्त मिसळलं की वाटीभर दिसतं. सूज पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त. खाचेत पांढरट-पिवळसर थर: तो पू नाही, जखम भरतानाचा पापुद्रा आहे, तो खरवडू नका. गालावर पिवळा-हिरवा डाग. तोंड कमी उघडणं. यासाठी दर तासाला मोबाइलचा टॉर्च लावून आरशात बघू नका, बोट घालून तर नकोच.

आणि काय झालं म्हणजे फोन करायचा

रक्त वाहतच असेल तर गॉज ओला करून, घट्ट घडी घालून, नेमका खाचेवर ठेवून अर्धा तास न बोलता दाबा. गॉज नसेल तर भिजवून गार केलेली काळ्या चहाची टी-बॅग चालते. तरीही थांबलं नाही तर डॉक्टरला फोन.

दुखणं कमी होत आलं होतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम कानापर्यंत ठणका लागला, तोंडाला घाण वास येतोय, तर गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. ड्राय सॉकेट म्हणतात त्याला. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून हा ठणका थांबत नाही. डॉक्टर खाच धुऊन औषधाची पट्टी भरतात आणि बऱ्याचदा खुर्चीतून उठायच्या आतच चेहरा सैल पडतो. यासाठी पुन्हा खुर्चीत बसायला नको म्हणून घरी तळमळत बसणारे लोक मी पाहिलेत. ही पट्टी म्हणजे दाढ पुन्हा काढणं नव्हे.

दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिरच असेल तर लगेच कळवा. बहुतेकांची संवेदना हळूहळू परत येते, पण नोंद पहिल्या दिवसापासून हवी. ताप चढतोय, सूज हनुवटीखाली मानेकडे उतरतेय, थुंकी गिळता येत नाही किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तर दवाखाना उघडायची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा किंवा ससूनसारख्या मोठ्या हॉस्पिटलचा अपघात विभाग गाठा.

टाके साधारण आठवड्याने काढतात. त्याला भूल बहुधा लागत नाही, कात्रीचा एक कट आणि दोरा ओढल्याची गुदगुली. विरघळणारे असतील तर तेही नाही. खाच पूर्ण भरायला मात्र काही आठवडे लागतात, तोवर जेवल्यावर त्यात भात अडकणारच. डॉक्टरकडून बोथट टोकाची छोटी पिचकारी मागून घ्या आणि ती कधीपासून वापरायची तेही विचारून घ्या.